एका एक्सेलमधून दुसऱ्या एक्सेलमध्ये, पायथनच्या हाताने

दर महिन्याला ढीगभर फाइल्समधला डेटा मास्टर शीटमध्ये कॉपी-पेस्ट करत असाल, तर पायथनची 'ओपनपायएक्सएल' लायब्ररी वापरून बघाच. फुकट आहे, आणि संगणकावर एक्सेल नसलं तरी चालते.

तिच्यात 'कॉपी वर्कशीट' अशी आयती सोय दिसते, पण ती त्याच वर्कबुकपुरती. दुसऱ्या फाइलमध्ये न्यायचं तर दोन्ही फाइल्स लोड करा, लूप लावून एकेक सेलची व्हॅल्यू तिकडे ठेवा, सेव्ह करा. ओळी-रकान्यांची मोजणी १ पासून. फॉन्ट, रंग, बॉर्डर वेगळे कॉपी करावे लागतात (कंटाळवाणं काम, पण एकदाच).

खरी गंमत फॉर्म्युल्यांची. बेरजेच्या सेलमधून उत्तर नाही, फॉर्म्युलाच मजकूर म्हणून हातात येतो आणि नव्या जागी भलत्याच सेल्सची बेरीज करत बसतो. उत्तरच हवं असेल तर फाइल लोड करताना 'डेटा ओन्ली' ट्रू करा. मात्र तशी उघडलेली फाइल त्याच नावाने सेव्ह केलीत, तर तिच्यातले सगळे फॉर्म्युले गेलेच म्हणून समजा! शिवाय ही लायब्ररी स्वतः गणित करत नाही, एक्सेलने शेवटचं जपून ठेवलेलं उत्तर तेवढं वाचते.

जुन्या 'एक्सएलएस' फाइल्स मात्र तिला वाचता येत नाहीत. आधी 'एक्सएलएसएक्स' करून घ्या.