वाट चुकलेलीं विमानें आणि त्यांचें स्मरण

गांवाच्या वेशीपाशीं किंवा देवळाच्या आवारांत उभा असलेला वीरगळ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या खालच्या पट्टींत झुंज, मधल्या पट्टींत वीराला स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्टींत शिवलिंगाची पूजा, असा क्रम बहुधा असतो. गाई सोडवितांना अथवा गांव राखतांना जो पडला, त्याचें हें स्मारक होय. परंतु युद्ध चालू असतां, शत्रु दृष्टीसहि न पडतां, केवळ युद्धाचें शिक्षण घेत असतांना जो मेला, त्याचा दगड कोणीं उभारावा आणि त्यावर काय कोरावें? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक घटना सांगतों. लिबियाच्या आग्नेय भागांत कुफ्रा नांवाचें मरूद्यान आहे. १९४१ च्या मार्चमध्यें तें स्वतंत्र फ्रेंच सैन्यानें इटालियनांकडून घेतलें. पुढील वर्षीं दक्षिण आफ्रिकेच्या विमानदलांतील १५ व्या तुकडीचीं तीन ब्लेनहाइम विमानें तेथें आलीं. ४ मे १९४२ रोजीं पहांटे हीं तिन्ही विमानें, मुलुखाची माहिती व्हावी एवढ्याच हेतूनें, सरावाच्या फेरीवर निघालीं. एकंदर माणसें बारा. परततांना वाट चुकली. एका विमानाचें यंत्र बिघडलें आणि तिन्ही विमानें वाळूंत उतरलीं. शोध आठवडाभर चालला. वाळूच्या वादळांनीं त्यांत वारंवार खंड पडला. अखेर विमानें सांपडलीं तेव्हां बारांपैकीं एकच मनुष्य जिवंत होता. तुकडीचे प्रमुख मेजर डी वेट यांनीं मागें ठेवलेल्या नोंदींवरून त्या दिवसांचा उलगडा झाला. शत्रूच्या गोळीनें नव्हे, तर तहानेनें आणि उन्हानें अकरा माणसें गेलीं.

विमान वाट चुकतें तें कसें? नदी ओलांडणारा नावाडी समोरच्या घाटाकडे नाक करून निघाला, तर प्रवाह त्याला खालीं ओढून नेतो. म्हणून जाणता नावाडी मुद्दाम वरच्या अंगाला नाव धरतो. विमानाला वारा हाच प्रवाह. दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांवरून आपण कोठें आलों याचा हिशेब वैमानिक मांडतो आणि त्यांत वाऱ्याचा भाग मिळवितो. एका अंशाची चूक झाली तर साठ मैलांवर विमान सुमारें एक मैल बाजूला जातें; दहा अंशांची झाली तर दहा मैल. आपल्या प्रदेशांत खालीं नदी, घाट, रेल्वेचा रस्ता किंवा ओळखीचें शिखर दिसतें आणि चूक सुधारतां येते. वाळवंटांत अशी खूण नसते. एका टेकाडासारखें दुसरें टेकाड; त्यामुळें झालेली चूक वाढतच जाते.

दुसरा शत्रु तहान. आण्याच्या पठारावर राहणाऱ्यांस पाण्याचें मोल सांगावयास नको. परंतु वाळवंटांतील उन्हाळ्यांत, सावलींत स्वस्थ बसलेल्या माणसासहि दिवसाला कित्येक लिटर पाणी लागतें; तें न मिळाल्यास दोन-चार दिवसांपलीकडे तग धरणें कठीण. म्हणून पुढें वैमानिकांना शिकविण्यांत येऊं लागलें कीं, विमान सोडूं नये, दिवसा चालूं नये, पाणी पहिल्या तासापासून जपावें. एकटा मनुष्य वरून दिसत नाहीं, विमान दिसतें.

हा धोका वाळवंटापुरताच आहे असें मात्र समजूं नये. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीं, ऐन पावसाळ्यांत, आपल्याच जुन्नर तालुक्याच्या डोंगरावर अलिटालिया कंपनीचें एक मोठें प्रवासी विमान आदळलें. सिडनीहून निघून तें सिंगापूर, बँकॉक करीत मुंबईस उतरणार होतें. विमानांतील चौऱ्याण्णवहि माणसें मरण पावलीं. हें विमान सैनिकी नव्हतें, तो काळहि युद्धाचा नव्हता. पण चौकशींत निघालेलीं कारणें कुफ्राचीच आठवण करून देतात. मुंबई प्रत्यक्षांत होती त्याहून जवळ आली, असें वैमानिकास वाटलें. म्हणून तो वेळेआधींच खालीं उतरूं लागला. ठरलेल्या किमान उंचीची मर्यादा सुटली. उपलब्ध साधनांनीं आपलें स्थान पडताळून पाहिलें गेलें नाहीं. आणि या डोंगराळ मुलुखाची त्यास ओळख नव्हती. वाळवंटांत खूण नसल्यामुळें जें घडलें, तें येथें ढगांनीं आणि अंधारानें सारे डोंगर झांकून टाकल्यामुळें घडलें.

आतां स्मरणाचा प्रश्न. सरावांत मरणारे थोडे असतात, ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश बाँबर दलाचीं पंचावन्न हजारांवर माणसें कामास आलीं; त्यांतील पांच हजारांहून अधिक सरावाच्या अपघातांत गेलीं. १९१७ सालीं स्थापन झालेल्या युद्धसमाधि आयोगानें याविषयीं एक उदार नियम ठेवला आहे. ३ सप्टेंबर १९३९ पासून ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत सेवेंत असतां जो मृत्यु पावला, तो रणांत असो, रोगानें असो वा अपघातानें, त्याचें नांव समाधीवर किंवा स्मारकावर यावें. हुद्दा, वंश व धर्म पाहून शिळेंत भेद करूं नये, हेंहि त्या आयोगाचें तत्त्व. पुण्याजवळ खडकीच्या युद्धसमाधिस्थानांत पश्चिम व मध्य हिंदुस्थानांतून आणलेल्या सोळाशेंहून अधिक समाधि आहेत. तेथें पायदळाचा शिपाई आणि अधिकारी एकाच मापाच्या शिळेखालीं झोंपले आहेत.

परंतु तत्त्व आणि आचरण यांत अंतर पडलें, हेंहि सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत मेलेल्या आफ्रिकी, हिंदी व इतर आशियाई सैनिकांपैकीं हजारों जणांचें स्मरण समानतेनें झालें नाहीं. निदान एक लक्षाहून अधिक जणांचीं नांवें कोठेंच कोरलीं गेलीं नाहींत, असें आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेंच मान्य केलें. स्मारक उभारणाऱ्याचीहि वाट चुकूं शकते. मात्र हिशेब पुन्हां मांडून ती सुधारतां येते.

तेव्हां अशा स्मारकावर काय कोरावें? माझ्या मतें तीन गोष्टी पुरेशा आहेत: नांव, दिवस आणि कारण. पहिल्या दोहोंविषयीं दुमत होत नाहीं. तिसरीला मात्र लोक भितात, कारण तींत कोणाची तरी चूक उघड होते. पण "शौर्यानें पडले" एवढेंच लिहून कारण पुसून टाकलें, तर वाचणारा नमस्कार करून पुढें जातो, शिकत मात्र कांहींच नाहीं. पाणी थोडें होतें, वाऱ्याचा हिशेब चुकला, उंची पाळली गेली नाहीं, असें साध्या शब्दांत लिहिलें तर मृताचा मान उणा होत नाहीं. ज्यांस आपलें शिक्षण पुरें करतां आलें नाहीं, त्यांच्या शिळेपाशीं दुसऱ्यांस तरी तें पुरें करतां यावें.