भाररेषा आणि अनवाणी पाऊल

कृत्रिम अवयव आणि आधारसाधने यांची विद्या जेथे शिकविली जाते तेथे जाऊन काही लिहावे, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा प्रथम दप्तरी इतिहास चाळला. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, जखमी सैनिकांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. १९५५ साली मुंबईत हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. परंतु या सनावळीपेक्षा माझे मन गुंतले ते अभ्यासक्रमातील एका विषयात, ज्याला विद्यार्थी ‘बायोमेकॅनिक्स’ म्हणतात.

माणूस चालतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. महायुद्धानंतर बर्कले येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात शल्यचिकित्सक व्हर्न इनमन आणि अभियंता हॉवर्ड एबरहार्ट यांनी त्याचा पाठपुरावा केला. एबरहार्ट यांनी स्वतः अपघातात पाय गमावला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संशोधनातील चिकाटीचे मर्म कळते. आजचा विद्यार्थी आकडे पाठ करतो: चालीच्या एका चक्रात पाऊल सुमारे साठ टक्के काळ भूमीवर टेकलेले आणि चाळीस टक्के काळ अधांतरी; टाचेवर भार येताना आणि पुढे चवडा रेटताना जमिनीची प्रतिक्रिया देहाच्या वजनाहून दहा-वीस टक्क्यांनी अधिक, मधल्या क्षणी मात्र वजनाहून कमी. या प्रतिक्रियेची रेषा, म्हणजेच भाररेषा, गुडघ्याच्या पुढून गेली तर गुडघा ताठ राहतो, मागून गेली तर वाकू पाहतो. धडधाकट माणसाचे मांडीचे स्नायू त्याला सावरतात, परंतु मांडीतूनच पाय गेलेल्या माणसाचा यांत्रिक गुडघा कोणी सावरावा? म्हणून त्या गुडघ्याचा आस भाररेषेच्या किंचित मागे बसवितात. फार मागे बसविला, तर पाऊल उचलतेवेळी तो वाकावयास तयार होत नाही. सुरक्षितता आणि सहजता यांचा हा तंटा काही मिलिमीटरांत मिटवावा लागतो.

मुंबईतील अशा एका वर्गात शिकविणाऱ्या बाईंचे काम मी पाहिले. गुडघ्याखाली पाय गेलेले कोकणातील एक शेतकरी, बूट घालून, समांतर दांड्यांमधून नव्या पायाने चालत होते. बाई जमिनीवर बसून, दृष्टी त्यांच्या गुडघ्याच्या पातळीवर आणून, बाजूने निरखीत होत्या.

“काका, चढावर चालल्यासारखं वाटतं का?”

“होय बाई, पाऊल पुढं लोटावं लागतंय.”

चवडा गरजेपेक्षा खाली झुकला होता. घोट्याच्या जोडात चार लहान स्क्रू असतात; एक सैल करावा आणि तितकाच समोरचा आवळावा, की सारा पाय कणभर कलतो. बाईंनी पाना एका विद्यार्थिनीच्या हाती दिला, आणि तिने तो फिरविल्यावर काकांचा गुडघा टाच टेकताच हलकेच वाकू लागला. साऱ्या अभ्यासक्रमाचे सार्थक त्या अल्पशा वळणात आहे, असे मला मनापासून वाटले.

मग बाई म्हणाल्या, “आता बूट काढून चाला.” गुडघा पुन्हा मागे ढकलला गेला. बुटाची टाच चवड्यापेक्षा दीड सेंटिमीटर उंच असेल, तर बूट काढताच पाय सुमारे पाच अंशांनी मागे कलतो आणि गुडघा तीन सेंटिमीटरांहून अधिक मागे सरकतो. आपल्याकडे उंबऱ्याशी पादत्राण काढल्याशिवाय घरात वा देवळात पाऊल पडत नाही. तेव्हा एकाच मनुष्याला दिवसातून अनेकदा दोन निरनिराळ्या पायांवर चालावे लागते. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे पाऊल घडविले ते अनवाणी चालावे, उकिडवे बसावे, मांडी घालावी याच हेतूने. परंतु अनवाणीसाठी जुळविलेल्या पायात उंच टाचेचा बूट चढविला, की तोच दोष उलट दिशेने उद्भवतो.

आणि खरी काळजी याच्याही पलीकडे आहे. प्रयोगशाळेतील बलमापक फरशी सपाट असते, बांध सपाट नसतो. पाहणारे भोवती उभे असले की माणूस जपून चालतो, आणि एकटा पडताच त्याची चाल बदलते. चिखलपाणी धातूच्या जोडात शिरते. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत पायाचा उरलेला भाग आक्रसतो, त्यावर बसणारी खोबण, म्हणजे सॉकेट, सैल होते, आणि काळजीपूर्वक साधलेली भाररेषा तेवढ्याने ढळते. फेरतपासणीसाठी यावे तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब आड येतो. विद्यार्थ्याने कितीही मन लावून पाय जुळविला, तरी तो पुढे कसा चालला हे कळविणारी पुरेशी तरतूद बहुधा त्याच्या हाती नसते. मला या शास्त्रातील सर्वांत मोठी उणीव हीच वाटते, आणि ती यंत्रे मंजूर करून भरून निघणारी नाही.

“बूट किती वेळ घालता?” बाईंनी विचारले.

“बाजाराच्या दिवशी.”

विद्यार्थिनीने पाय अनवाणी चालीसाठी पुन्हा जुळविला, आणि बाजारासाठी सपाट तळाची चप्पल घ्यावी, असे बाईंनी कागदावर लिहिले. फेरतपासणीची तारीख ऐकून काका म्हणाले, त्या सुमारास लावणी असते. बाईंनी ती तारीख खोडून पुढची घातली.