मे महिन्यात सूर्य पायी चालतो

मे महिन्यात भर दुपारी साडेबाराला शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पडदे ओढलेले असतात, पंखा पाचावर गरगरत असतो आणि गच्चीवरच्या कुरडयांची राखण घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराच्या गळ्यात पडलेली असते. पण वर्षातली एक दुपार अशी येते, की त्या पोरालाच खरी चैन मिळते. कुरडयांच्या कापडावर दाब म्हणून ठेवलेल्या स्टीलच्या डब्याकडे बघत ते जिन्यातून ओरडतं, “आजी, डब्याची सावलीच पडत नाहीये!”

आजी म्हणणार, “ऊन लागलंय तुला, खाली ये.” पण पोराचं खरं असतं.

सूर्य रोज बारा वाजता डोक्यावर येतो, असं आपण सर्रास म्हणतो. तो येत नाही. डिसेंबरात मुंबईत भर माध्यान्हीसुद्धा तो आकाशात निम्म्याच उंचीवर असतो आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते. अगदी बरोबर माथ्यावर यायला सूर्याला उत्तरेकडे सरकत सरकत आपल्या गावाच्या अक्षांशापर्यंत पोचावं लागतं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कलल्यामुळे तो कर्कवृत्तापर्यंत जातो आणि मागे फिरतो. म्हणजे दिल्लीकरांच्या माथ्यावर तो कधीच येत नाही. आपला अख्खा महाराष्ट्र आणि गोवा मात्र त्याच्या वाटेवर आहे, आणि या वाटेवरून तो मे महिन्यातच जातो.

ती वाट नकाशावर बोटाने गिरवून बघा. 2-3 मेला तो पणजीवर असतो. 6-7 मेला कोल्हापूर, 10-11 च्या सुमारास सोलापूर, 13-14 ला पुणे, 15-16 ला मुंबई, विसाव्या तारखेच्या आसपास नाशिक आणि 26 मेच्या आगेमागे नागपूर. दक्षिणोत्तर अंतर मोजलं तर हा प्रवास सव्वासहाशे किलोमीटरचा, चोवीस दिवसांचा. दिवसाला सरासरी सव्वीस किलोमीटर! पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेला हा तारा आपल्या मुलखातून जाताना वारकऱ्याच्या चालीने जातो, हे कळल्यापासून मला मेमधल्या उन्हाचा पूर्वीसारखा राग येत नाही. (घाम येतो, तो वेगळा.) नागपूरपर्यंत त्याची चाल मंदावते, दिवसाला वीसेक किलोमीटरवर येते, आणि 21 जूनच्या सुमारास कर्कवृत्तावर तो जवळजवळ थांबतोच.

हे बघायला दुर्बीण लागत नाही, वेळेवर हजर राहावं लागतं. आणि ती वेळ बाराची नव्हे. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आहेत. तिथून पश्चिमेकडे दर अंशाला सूर्य चार मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. म्हणून मे महिन्यात नागपूरची खरी माध्यान्ह 12:10 च्या सुमारास होते, पुण्याची 12:31 ला आणि मुंबईची 12:35 ला. ती गाठण्याआधी दहा मिनिटं उन्हात जा, डोक्यावर टोपी आणि पायात चप्पल घालून. सूर्याकडे बघायचं नाही, सगळी गंमत खाली आहे.

सरळ उभा डबा ठेवा. त्याच्या पश्चिमेला कडेला लागून सावलीची पट्टी अजून असेल, बोटभर. बघता बघता नखाएवढी होते, मग दोऱ्याएवढी, मग नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीची सावली नेमकी दोरीखाली येते. प्लंबरने टाकून दिलेला पाइपचा वीतभर तुकडा असेल तर तो उभा धरा. एरवी आत अंधार असतो. या वेळी तळाला उजेडाचं पूर्ण गोल नाणं पडलेलं दिसतं. तुमची स्वतःची सावली मात्र पूर्ण जात नाही, खांदे आडवे येतात ना. ती पायांभोवती गोळा होऊन बसते. पाच मिनिटांनी डब्याच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेला, नवी सावली फुटते. मीटरभर काठी असेल तर तोवर दोनेक सेंटीमीटर लांब झालेली असते.

नेमका दिवस चुकला तरी हळहळू नका. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे आणि तो दिवसाला साधारण पाव अंशच सरकतो, त्यामुळे आदला-नंतरचा दिवसही चालतो.

अशाच शून्य सावलीच्या माध्यान्ही सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो, या गोष्टीच्या आधारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर काढला होता. तळाशी सूर्य दिसायचा तो इजिप्तमधल्या सायीनीच्या, म्हणजे आजच्या आस्वानच्या विहिरीत. त्याच माध्यान्ही अलेक्झांड्रियात सावली पडायची. आपल्याला त्यासाठी कोल्हापूरचा एक पाहुणा पुरतो. कोल्हापुरात सावली शून्य झाली, त्याच दुपारी पुण्यात मीटरभर काठीची सावली साधारण 3.2 सेंटीमीटर पडते. तो कोन 1.8 अंशांचा. दोन्ही गावांतलं दक्षिणोत्तर अंतर साधारण 200 किलोमीटर. 1.8 अंशांना 200, तर 360 अंशांना किती? त्रैराशिक मांडा: 40,000 किलोमीटर. पृथ्वीचा घेर खरोखर तेवढाच आहे! अर्थात सावलीची कड धूसर असते, मिलीमीटरभर इकडेतिकडे झालं की उत्तर हजार-बाराशे किलोमीटरने हलतं. हलू दे. 3.2 सेंटीमीटरच्या सावलीतून अख्खी पृथ्वी निघाली, हे काय कमी आहे?

याच वाटेने तो परतही येतो. जुलैच्या मध्यावर नागपूर, 27-28 जुलैला मुंबई, ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारास पणजी. पण तेव्हा वर ढगांचं छप्पर असतं, म्हणून या परतीच्या फेरीचा कुणाला पत्ताच नसतो. मुंबईत तेव्हाची वेळ दहा मिनिटांनी पुढे गेलेली असते: 12:45. तेवढ्यात उघडीप मिळालीच, तर छत्री मिटून उभी धरा आणि खाली बघा.