‘आधी नेम बसव, मग स्क्वॉडमध्ये ये’

ब्राह्मणपुरीसारखं गाव असो, शहादा असो की पुणे, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) हा मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या पोरांत नवा गडी आला की जुन्याजाणत्यांचा (वय वर्षे सतरा!) सल्ला ठरलेला: “भाऊ, आधी सोलो खेळून नेम बसव, मग स्क्वॉडमध्ये ये.” ऐकून ऐकून कान किटले. हा सल्ला का चुकीचा आहे, ते गेमच्या नियमांतच दिसतं.

सोलोमध्ये हेल्थ संपली की खेळ खल्लास. स्क्वॉडमध्ये, म्हणजे चौघांच्या संघात, गडी आधी नॉक होतो, रांगत आडोसा शोधतो, आणि सोबत्याने जवळ येऊन काही सेकंद दिले तर पुन्हा उठतो. एवढ्या एका फरकाने लढाईचा सगळा हिशेब बदलतो. नॉक झालेल्या शत्रूला लगेच संपवायचं, की त्याला उचलायला येणाऱ्यावर नेम धरून बसायचं? आपला पडला तर आधी स्मोक टाकायचा, की आधी पाडणाऱ्याला हुसकायचं? सोलोत हे प्रश्न पडतच नाहीत. उत्तरं कुठून शिकणार? त्यात खालच्या रँकच्या लॉबीत बरेचसे शत्रू बॉट, म्हणजे गेमनेच चालवलेले गडी, असतात. त्यांना मारून किल वाढतात, छाती फुगते, आणि खरे चार जण दोन बाजूंनी चालून आले की गडी गांगरतो. शिवाय सोलोत लागलेली गप्प दबा धरण्याची सवय मोडायला वेगळा वेळ जातो.

कबड्डीत कुणी पोराला “वर्षभर एकट्याने चढाया कर, मग साखळीत ये” असं सांगतं का? दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय साखळी शिकायची कशी?

नवख्याचा नेम कच्चा असतो, मान्य. पण दगड त्यामागच्या शत्रूला एका बाजूच्या गोळीपासून वाचवतो, दोन बाजूंच्या नाही. नवख्याने दुसऱ्या कोनातून नुसता मारा चालू ठेवला, एकही गोळी लागली नाही, तरी शत्रूला डोकं वर काढणं अवघड होतं आणि नेमबाज सोबत्याचं काम सोपं होतं. म्हणून पहिल्या दिवशी त्याला एकच काम द्या: एका ठरावीक सोबत्याजवळ राहा, पण त्याच्याच झाडामागे घुसू नको, तो ज्याच्यावर झाडतोय त्याच्यावरच झाड. ते जमलं की स्मोक, मग रिव्हाईव्ह (पडलेल्याला उचलणं). रश, म्हणजे थेट चाल करून जाणं, सगळ्यात शेवटी.

दुसरं काम तोंडाचं. “समोर बंदा! समोर!” हे ओरडणं निरुपयोगी, कारण चौघांचं ‘समोर’ चार दिशांना असतं. पडद्यावर वर होकायंत्राचे आकडे दिसतात ते कशासाठी? “२८५ ला एक, भिंतीमागे, नॉक आहे” एवढं पुरे. माईक नसेल तर मार्कर टाका.

“शिव्या दिल्याशिवाय शिकत नाही” हेही नेहमीचंच. लढाई चालू असताना ओरडलात तर शत्रूच्या पावलांचा आवाज बुडतो आणि शत्रूचं फावतं. जे सांगायचं ते मॅच संपल्यावर सांगा, तेही एकच. आणि ज्याचे किल जास्त तोच चाली ठरवणार, असा नियम कुठेही नाही. व्यावसायिक संघांत निर्णय घेणारा आयजीएल (इन-गेम लीडर) असतो. ‘घातक’ या नावाने पोरांना माहीत असलेला अभिजित अंधारे आयजीएल आणि प्रशिक्षक म्हणूनच ओळखला जातो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. “पबजी बंद आहे, मग हे खेळणं बेकायदा”: पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याच्या जागी बीजीएमआय २०२१ मध्ये आलं, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून हटलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. “नव्या कायद्याने सगळेच ऑनलाईन गेम गेले”: २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. “खेळतो म्हणजे व्यसनीच”: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ नुसार, खेळण्यावर ताबा उरला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसूनही खेळ सुटला नाही आणि हे साधारण वर्षभर चाललं, तर तो विकार; रोज संध्याकाळच्या दोन मॅचनी तो ठरत नाही. “महागडा फोन हवाच”: चांगल्या फोनने खेळ सफाईने चालतो, पण २८५ हा आकडा स्वस्त फोनवरही तसाच दिसतो.