डोळ्यामागची सुई

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती भिंगाच्या किमतीची. भूल कशी देणार, हे फारसं कुणी विचारत नाही. नुसते थेंब टाकून होणारी ऑपरेशनं आता शहरांत सर्रास होतात. पण मोतीबिंदू फार पिकलेला असेल, पडद्याचं काम असेल किंवा पेशंट घाबरून डोळा हलवत असेल, तर ‘डोळ्याला इंजेक्शन’ द्यावं लागतं. हे इंजेक्शन डोळ्याच्या आत देत नाहीत. खालच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळून सुई आत जाते आणि औषध गोलकाच्या बाजूला किंवा मागे सोडलं जातं. आजही बहुतेक ठिकाणी हे काम हाडाची कड चाचपून, हाताच्या सरावावर आणि अंदाजानं चालतं.

डोळ्याला स्थानिक भूल देण्याची सुरुवात 1884 साली झाली. व्हिएन्नातला तरुण डॉक्टर कार्ल कोलर यानं कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिलं. त्याच वर्षी हर्मन नॅप यानं गोलकामागे कोकेन टोचून पाहिलं. पुढे 1936 मध्ये अ‍ॅटकिन्सन यांनी पद्धत घालून दिली: पेशंटनं वर आणि नाकाकडे बघायचं, मग सुई घालायची. कित्येक दशकं जगभर हेच शिकवलं गेलं. सीटी स्कॅन आल्यावर मात्र कळलं, की असं बघितल्यानं डोळ्याची मुख्य नस, म्हणजे दृष्टिचेता, सुईच्या वाटेत सरकते. म्हणून आता ‘सरळ समोर बघा’ असं सांगतात. इतकी वर्षं रूढ असलेली गोष्ट आत डोकावून पाहिल्यावर चुकीची ठरली, हे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आत जागा तरी किती असते? डोळ्याची खोबण साधारण 30 मिलीलीटरची. त्यात 7 मिलीलीटरचा गोलक. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या आणि नसा. शिवाय ही खोबण नरसाळ्यासारखी मागे अरुंद होत जाते. पूर्वी 38 मिलीमीटरची सुई वापरत. काहींच्या खोबणीत ती थेट दृष्टिचेतेच्या छिद्रापर्यंत पोचू शकते. आता 25 मिलीमीटरची सुई पुरेशी मानतात. घोटाळे क्वचितच होतात, पण होतात तेव्हा जबर होतात. गोलकामागे रक्तस्राव होतो, गोलकालाच भोक पडतं. औषध नसेच्या आवरणातून मेंदूकडे गेलं तर श्वास थांबू शकतो.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. मोठ्यांचा डोळा पुढून मागे सरासरी साडेतेवीस मिलीमीटर लांब असतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा 26 किंवा त्याहूनही जास्त भरतो. तो खोबणीत जास्त जागा व्यापतो आणि त्याची भिंत पातळ असते. काहींच्या डोळ्याची मागची भिंत एखाद्या ठिकाणी फुगून बाहेर आलेली असते. भिंगाचा नंबर काढताना डोळ्याची लांबी मोजतात. तो आकडा फाइलमध्ये असतोच, पण फुगवट्याचा आकार नुसत्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफीचं चित्र, बी-स्कॅन, पाहावं लागतं.

डोळा द्रवानं भरलेला असल्यानं सोनोग्राफीत फार स्वच्छ दिसतो, म्हणून सुई घालतानाही ती वापरता येते. मिटलेल्या पापणीवर निर्जंतुक जेल लावून प्रोब अलगद टेकवायचा, दाबायचा नाही. यंत्राच्या पडद्यावर गोलक काळाभोर दिसतो, त्यात भिंगाची पांढरी कड. मागची चरबी करडी-पांढरी आणि तिच्यातून गेलेला दृष्टिचेतेचा गडद पट्टा. सुई आत शिरते तशी चमकदार रेघ उमटते. तिचं टोक गोलकापासून किती दूर आहे हे तिथल्या तिथे कळतं. औषध सोडलं की गोलकामागे काळसर थर पसरताना दिसतो. औषध नेमकं कुठे गेलं, हे पेशंटचा डोळा हलायचा थांबेपर्यंत ताटकळत बसून ताडावं लागत नाही.

इथे एक खबरदारी घ्यावीच लागते. पोटाच्या किंवा हाताच्या तपासणीसाठी लावलेलं सेटिंग डोळ्यावर चालत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची ध्वनिलहरींच्या तीव्रतेची मर्यादा इतर अवयवांसाठी प्रति चौरस सेंटिमीटर 720 मिलीवॅट आहे, तर डोळ्यासाठी फक्त 50. यंत्रावर डोळ्याचं खास सेटिंग असेल तरच प्रोब टेकवावा.

मग सोनोग्राफी पाहत सुई घालणं सगळीकडे का होत नाही? यंत्र महाग, शिकायला वेळ लागतो, आणि प्रोब व सुई दोन्ही मावतील इतकी जागा पापणीभोवती जेमतेमच. सुई चित्राच्या पातळीतून जरा सरकली की टोक दिसेनासं होतं. आपल्याकडे कायद्याचीही बाब आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्रानं 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते नोंदलेल्या जागेबाहेर मनाला येईल तसं नेता येत नाही. मुलींचे जीव वाचवणारा हा कायदा हवाच. पण पिशवीत यंत्र टाकून शिबिराला निघणं भूलतज्ज्ञाला जमत नाही, हेही खरं.

माझ्या मते प्रत्येक मोतीबिंदूला सोनोग्राफी लावण्याची गरज नाही. थेंबांनी भागत असेल तर थेंबच बरे. गोलकाभोवतीच्या पातळ आवरणाखाली, म्हणजे टेननच्या आवरणाखाली, बोथट नळीनं औषध सोडायची रीत 1992 पासून चांगली रुळली आहे. तिच्यात टोकदार सुईच नसते. पण डोळा लांब असेल, मागे फुगवटा असेल किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे व्रण असतील आणि तरीही सुईच घालायची असेल, तिथे आंधळेपणानं ती घालू नये. निदान आधी बी-स्कॅन पाहावा.

वाचकांना एक विनंती. तरुणपणी लेसर करून चष्मा घालवला असेल, तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते. लेसर फक्त पुढचा पारदर्शक पडदा बदलतो. ऑपरेशनआधी डॉक्टरांना जुना मायनस नंबर आठवणीनं सांगा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं दाखवा, आणि भूल थेंबांची की सुईची, हे आधीच विचारून घ्या.