सूल्व्हन

सूल्व्हन हा स्कॉटलंडच्या वायव्य हायलँड प्रदेशातील ॲसिंट या भागात असलेला एकाकी डोंगर आहे. गेलिक भाषेत त्याला 'सूलव्हेन' म्हणतात. त्याची उंची ७३१ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील कळसूबाई शिखराच्या (१६४६ मीटर) निम्म्याहूनही कमी. स्कॉटलंडमधील ९१४ मीटरहून उंच शिखरांना 'मन्रो' म्हणतात आणि गिर्यारोहकांचे लक्ष बहुधा त्यांच्याकडेच असते. सूल्व्हन त्या यादीत बसत नाही. तरीही तेथील सर्वाधिक ओळखीच्या डोंगरांत त्याची गणना होते आणि त्याच्या माथ्यावर जाऊन येण्यास पूर्ण दिवस लागतो. उंचीच्या आकड्यावरून चढाईचा अंदाज बांधणे किती फसवे ठरते, याचे तो चांगले उदाहरण आहे.

नाव व आकार

नावाचा पूर्वार्ध 'खांब' या अर्थाच्या प्राचीन नॉर्स शब्दापासून, तर उत्तरार्ध डोंगरवाचक गेलिक शब्दापासून आला आहे. पश्चिमेकडून, विशेषतः समुद्रावरून पाहिल्यास डोंगर उभ्या, गोल डोक्याच्या खांबासारखा दिसतो. त्यामुळे हे नाव दर्यावर्दी नॉर्स लोकांनी दिले असावे, हे सहज पटते. प्रत्यक्षात मात्र तो खांब नसून सुमारे दोन किलोमीटर लांबीची अरुंद धार आहे. उत्तरेकडून वा दक्षिणेकडून पाहणाऱ्याला तोच डोंगर ओळखूही येत नाही. धारेच्या पश्चिम टोकावरील घुमटाकार माथा, 'काश्चल लीअ' म्हणजे करडा किल्ला, हा सर्वोच्च बिंदू होय.

भूरचना

डोंगराचा पायथा लुइशियन नाइस या सुमारे ३०० कोटी वर्षे जुन्या खडकाचा आहे. हा प्रदेश ओबडधोबड उंचवट्यांचा असून मधल्या खळग्यांत असंख्य लहान तळी व दलदली आहेत. त्यावर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाळूचे जाड थर आणून टाकले. त्यांचाच पुढे तांबूस टॉरिडोनियन वालुकाश्म बनला. हा थर एके काळी सलग होता. नद्यांनी आणि नंतर हिमयुगातील हिमनद्यांनी तो खरवडून नेला आणि सूल्व्हनसारखे मोजके अवशेष मागे उरले. डोंगराच्या कड्यांवर वालुकाश्माचे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. सह्याद्रीच्या कातळकड्यांची आठवण करून देणारे हे दृश्य असले, तरी सह्याद्रीतील थर लाव्हारसाचे असून वयाने पुष्कळच लहान आहेत.

चढाई

प्रचलित वाट लॉखिन्व्हर या किनाऱ्यावरील गावातून निघते. जाऊन-येऊन अंतर सुमारे २० किलोमीटर भरते व त्यास सात ते नऊ तास लागतात. सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून होत असल्याने डोंगराची उंची अक्षरशः पूर्ण चढावी लागते. ग्लेनकॅनिस्प येथील वाड्यापर्यंत लहान रस्ता असून पुढे पायवाट सुरू होते. वाटेपासून थोड्या अंतरावर सूलेग नावाची 'बॉथी' आहे. बॉथी म्हणजे कुलूप नसलेले, कोणालाही विनामूल्य मुक्काम करता येणारे साधे दगडी घर. चूल व फळ्या यांपलीकडे सोयीची अपेक्षा तेथे ठेवू नये.

पुढे ओढ्यावरील पूल ओलांडल्यानंतर वाट दक्षिणेकडे वळते. येथील भूमी पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींनी बनलेली व पाण्याने फुगलेली आहे. खरी चढण या पट्ट्यानंतर लागते. उत्तर बाजूच्या एका घळीतून घसाऱ्याची, अत्यंत उभी वाट धारेवरील 'ब्यालख मोर' या खिंडीत पोहोचते. खिंडीजवळ धारेला आडवा घातलेला, चुन्याशिवाय रचलेला दगडी गडगा पाहून चढणारा चकित होतो. इतक्या उंचीवर, दोन्ही बाजूंना कडे असताना, तो बांधण्याचे श्रम कोणी घेतले असतील असा प्रश्न पडतोच. गडग्यातील खिंडारातून पश्चिमेकडे गेल्यास काश्चल लीअचा माथा येतो. खालून कडा वाटणारा हा माथा वर मात्र रुंद व गवताळ आहे. पूर्वेकडील 'म्याल म्यानख' या शिखरासाठी हातांचा आधार घेत कातळ चढावे लागतात. तो मार्ग अनुभवी गिर्यारोहकांसाठीच आहे.

५८ अंश उत्तर अक्षांशामुळे जूनमध्ये येथे दिवस सुमारे १८ तासांचा, तर डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसहा तासांचा असतो. हिवाळ्यात अनेकांना परतीची वाट अंधारातच तुडवावी लागते. अटलांटिकवरून येणारे ढग धार काही मिनिटांत झाकून टाकतात. अशा वेळी खिंडीतून उतरण्याची नेमकी जागा न सापडणे हा मोठा धोका असतो, कारण इतरत्र उतार कड्यांत संपतात. नकाशा व होकायंत्र यांना येथे पर्याय नाही. उन्हाळ्यात वारा पडला की 'मिज' नावाची चिलटांहून बारीक चावरी कीटके हैराण करतात. संकटात सापडलेल्यांना सोडविण्याचे काम ॲसिंटचे स्वयंसेवी बचाव पथक करते.

जमीन व मालकी

आज निर्मनुष्य दिसणारा हा प्रदेश पूर्वी तसा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जमीनदारांनी मेंढपाळीसाठी आतल्या दऱ्याखोऱ्यांतील कुटुंबांना हुसकावून किनाऱ्यावर वसविले. त्यामुळे सूल्व्हनची दुर्गमता ही केवळ निसर्गाची देणगी मानता येत नाही. २००५ मध्ये ॲसिंट फाउंडेशन या स्थानिक रहिवाशांच्या संस्थेने ग्लेनकॅनिस्प व ड्रमरनी या जमीनदाऱ्यांची सुमारे ४४ हजार एकर जमीन विकत घेतली आणि डोंगर समाजाच्या मालकीचा झाला. २००३ च्या स्कॉटिश भूसुधारणा कायद्याने सर्वांना, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, अशा भूमीवर फिरण्याचा हक्कही दिला आहे. शरद ऋतूतील हरणांच्या शिकारीच्या काळात मात्र आधी चौकशी करण्याची पद्धत आहे.

२०१७ च्या 'ईडी' या चित्रपटात वृद्ध नायिका सूल्व्हन चढते. ही भूमिका करताना अभिनेत्री शीला हॅनकॉक यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. वाढत्या वर्दळीचा ताण पीटच्या पट्ट्यावर पडतो. वाट चिखलाची झाली की चालणारे कडेने जातात, मग कडाही तुडवल्या जाऊन वाट रुंदावत राहते आणि उघडे पडलेले पीट पावसात वाहून जाते. जॉन म्यूर ट्रस्ट व ॲसिंट फाउंडेशन यांनी वाटेच्या एका भागाची दगड बसवून दुरुस्ती केली आहे.