लस बाजाराची की नियोजनाची?

मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंजायटिसच्या साथीने १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत सुमारे २५ हजार बळी घेतले. गरीब देशांसाठी लस तयार करण्यात मोठ्या औषध कंपन्यांना नफा दिसत नव्हता. अखेर २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने प्रकल्प आखला. गरीब देशांना परवडेल ती किंमत आधी ठरली, मग उत्पादक शोधला गेला. तंत्र अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेचे, पैसा गेट्स फाउंडेशनचा आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे. २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी! संशोधन बाजारावर सोडावे की नियोजनावर, हा वाद जुनाच. इथे गरज नियोजनाने हेरली आणि स्वस्तात लस बनवण्याचे कसब खासगी कारखान्याने दाखवले.